दुःखाचे ओझे आणि नातवाचा खांदा

घरातील वडीलधारे माणूस वृद्धापकाळी आपला जोडीदार गमावते, तेव्हा मातीला आलेली मंडळी निरोप घेताना घरच्यांना एक सल्ला हमखास देऊन जातात. "आता त्यांना नातवंडांजवळ ठेवा. पोरांत जीव रमेल, दुःखाचा विसर पडेल." हा सल्ला मायेचा असतो, तसाच अनुभवाचाही असतो. दुधापेक्षा दुधावरची साय अधिक जपावी, हे मराठी घराला कोणी शिकवावे लागत नाही. तरीही या सरळ दिसणाऱ्या सल्ल्याच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे आणि तो आपण सहसा विचारीत नाही. आजोबांचे दुःख हलके व्हावे म्हणून नातवाला त्यांच्याजवळ ठेवताना त्या लहान जिवाच्या खांद्यावर आपण नेमके काय ठेवतो? एका माणसाच्या दुःखावरचा उपाय म्हणून दुसऱ्या माणसाची, त्यातही अजाण बालकाची, योजना करण्याचा अधिकार आपणांस आहे काय?

महाळुंग्यासारख्या गावी हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. खेड तालुक्यातील, चाकणहून तळेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव एकेकाळी शेतीवर जगत होते. चाकणची ओळख तेव्हा कांद्याच्या बाजारपेठेने होत असे. १९९९ साली येथे बजाजचा मोटारसायकलींचा कारखाना सुरू झाला आणि त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत परिसरात मोटारींचे मोठमोठे कारखाने उभे राहिले. त्यांच्यामागून सुट्या भागांचे लहान कारखाने, गोदामे, भाड्याच्या खोल्या आणि सदनिकांच्या इमारती आल्या. अहिल्यानगर जिल्ह्यातून, मराठवाड्यातून, वसईकडून आणि परप्रांतांतून माणसे पोटासाठी आली. त्यांत आपली कॅथॉलिक कुटुंबेही आहेत.

गावाकडे आई वारली की मुलगा बापाला येथे घेऊन येतो. त्यात त्याचे काही चुकत नाही. म्हाताऱ्या माणसाला एकटे कसे ठेवावे? परंतु आजोबांनी पत्नीबरोबर आणखीही पुष्कळ गमावलेले असते. गावात चर्चची घंटा होती, पारावरचे सोबती होते, रविवारच्या मिस्सानंतर जाऊन उभे राहता येईल अशी तिची कबर होती. इथे चौथ्या मजल्यावरची खिडकी आहे. मुलगा पहिल्या पाळीला किंवा रात्रपाळीला, सूनही नोकरीला. शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत घरात दोनच माणसे असतात. एक पंचाहत्तरीचे, एक आठ-नऊ वर्षांचे. या दोघांमध्ये जे जुळते, ते या औद्योगिक पट्ट्यातील फार मौल्यवान असे नाते आहे. म्हणूनच त्याचा विचार काळजीने व्हायला हवा.

अशाच एका घरची हकिकत येथे सांगतो. नावाची गरज नाही. उपवासकाळात आजी वारली आणि आजोबा मुलाकडे आले. तिसरीतल्या नातवाचे अंथरूण त्यांच्या शेजारी पडू लागले. काही महिन्यांनी मुलाने संध्याकाळी खेळायला जाणे सोडले. शाळेची सहल शिवनेरीला निघाली, तेव्हा तो जायला तयार होईना. कारण विचारले तर म्हणाला, "मी नसलो की आजोबा जेवत नाहीत." घरच्यांना या उत्तराचा अभिमान वाटला. शेजारणींनी त्याच्या गालावरून बोटे फिरवून कडाकडा मोडली. "किती समजूतदार पोर! याच्यामुळेच तर म्हातारा जगतोय."

वाचकहो, हे शेवटचे वाक्य आपण सर्वांनी कधी ना कधी उच्चारलेले आहे. त्यात निव्वळ कौतुक असते. पण लहान मूल ते अर्धेच ऐकत नाही, त्याचा उरलेला भागही मनातल्या मनात पुरा करते : मी नसेन तर आजोबा जगणार नाहीत. एका नऊ वर्षांच्या मुलाने एका वृद्धाच्या जेवणाची, झोपेची, किंबहुना जगण्याच्या इच्छेची जबाबदारी अंगावर घेतली होती. ती त्याला कोणी दिली, हे घरात कोणालाही सांगता आले नसते. आणि आजोबा तर एक ना एक दिवस जाणारच. त्या दिवशी हे मूल स्वतःला काय म्हणेल? मी कमी पडलो, असेच ना?

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात लिहिलेल्या 'सुम्मा' या महाग्रंथात दुःखावरच्या उपायांचा एक स्वतंत्र विचार केला आहे. आनंद, अश्रू, मित्रांची सहवेदना, सत्याचे चिंतन आणि झोप व स्नान असे उपाय ते सांगतात. इतका मोठा तत्त्वज्ञ दुःखी माणसाला झोप आणि आंघोळ सुचवितो, हे वाचून मन प्रसन्न होते. यांतला आपल्या विषयाशी निगडित उपाय सहवेदनेचा. दुसऱ्याने आपल्यासाठी दुःख केले की आपले दुःख हलके का होते? संत थॉमस दोन कारणे देतात. पहिले असे की, दुःख हे ओझ्यासारखे असते आणि दुसऱ्याने हात लावला की ते वाटले गेल्यासारखे भासते. दुसरे असे की, मित्र आपल्यासाठी कष्टी होतो यावरून त्याचे आपल्यावर प्रेम आहे हे आपल्याला दिसते आणि प्रेम केले जाण्यातच एक सुख आहे. या दोहोंतले दुसरे कारण अधिक चांगले, असा त्यांचा निर्वाळा आहे.

माझ्या मते आपल्या प्रश्नाचे उत्तर या भेदात आहे. ओझे उचलायला खांदा लागतो आणि मुलाचा खांदा अजून तयार झालेला नसतो. प्रेम दिसायला मात्र खांदा लागत नाही. नातू शाळेतून येऊन दप्तर टाकतो, आजोबांच्या मांडीला टेकून बसतो, पेन्सिल सापडत नाही म्हणून कुरकुर करतो. एवढ्यानेही आजोबांना कळते की, आपण अजून कोणाचे तरी आहोत. मुलाने प्रेम करावे. ओझे उचलू नये. आजोबांनी प्रेम घ्यावे. ओझे देऊ नये. हे नाते निकोप आहे की नाही, हे याच रेषेवरून ओळखावे.

पवित्र शास्त्रात ही रेषा याकोबाच्या आयुष्यातून स्पष्ट दिसते. राहेल प्रसूतीत वारली. मरताना तिने बाळाचे नाव 'माझ्या दुःखाचा पुत्र' अशा अर्थाचे ठेवले. याकोबाने ते बदलून बन्यामीन ठेवले. आईच्या मरणाचे नाव मुलाने जन्मभर वाहू नये, एवढे शहाणपण त्या शोकाच्या घटकेलाही त्या बापाजवळ होते. पुढे योसेफ गेला असे समजून याकोब खचला, कोणाचेही सांत्वन घेईना. मग त्याने बन्यामिनालाच धरून ठेवले. दुष्काळात घरात दाणा उरला नाही तरी त्याला मिसर देशी पाठवायला तो राजी होईना. आमच्या बापाचा जीव या मुलाच्या जिवात गुंतला आहे, असे यहूदाला परक्या दरबारात हात जोडून सांगावे लागले. एका माणसाच्या न सरणाऱ्या शोकाने अवघे घर उपाशी राहू शकते, हे उत्पत्तीचे पुस्तक किती सहजपणे सांगते! अखेर याकोबाने मन घट्ट करून मुलाला सोडले. त्याने बन्यामिनाला सोडले तेव्हाच त्याला योसेफ परत मिळाला.

याच याकोबाचे आणखी एक चित्र आहे. तो मरणशय्येवर आहे, दृष्टी मंदावली आहे. योसेफ आपल्या दोन मुलांना, मनश्शे व एफ्राइम यांना, घेऊन भेटीस आला आहे. त्या वेळी याकोब राहेलीच्या मृत्यूची गोष्ट काढतो. ती वाटेत कशी गेली, बेथलेहेमच्या वाटेवर तिला कोठे पुरले, हे सांगतो. मग नातवंडांना जवळ ओढून मुके घेतो, कवटाळतो आणि त्यांच्या मस्तकांवर हात ठेवून आशीर्वाद देतो. इतक्या वर्षांपूर्वी गेलेल्या पत्नीचे दुःख त्याने लपविलेही नाही आणि नातवांकडे त्यावरचा इलाजही मागितला नाही. दुःख सांगितले आणि आशीर्वाद दिला. आजोबाने काय करावे, याचा याहून चांगला वस्तुपाठ मला ठाऊक नाही.

येथे कोणी विचारील, मुलांसमोर दुःख बोलावे तरी का? कोवळे मन, त्याला हसत-खेळत ठेवावे. म्हणूनच आपण आजीचा फोटो आत ठेवतो, मुलाला स्मशानभूमीवर नेत नाही, "आजी गावाला गेली" असे सांगतो. हेतू दयेचा असतो. पण दयेपोटी खोटे बोलावे काय, हा प्रश्न ख्रिस्तसभेला नवा नाही. इ. स. ४२०च्या सुमारास संत ऑगस्टीन यांनी असत्याविरुद्ध लिहिलेल्या पुस्तकात नेमका असाच दाखला घेतला आहे. एक मनुष्य अत्यवस्थ आहे, त्याचा लाडका मुलगा मरण पावला आहे आणि तो विचारतो, माझा मुलगा कसा आहे? खरे सांगावे तर हा धक्क्याने मरेल. असत्य कोणत्याही सबबीवर क्षम्य नाही, असे सांगणारे ऑगस्टीनही या दाखल्यापाशी आपले मन हेलावते हे लपवीत नाहीत. तरीही ते सत्याची बाजू सोडीत नाहीत. सत्य केव्हा, किती आणि कोणत्या शब्दांत सांगावे, याला विवेक लागतो. परंतु विवेक म्हणजे असत्य नव्हे.

मुलाच्या बाबतीत तर या असत्याचा उपयोगही होत नाही. मारिया नॅगी या मानसशास्त्रज्ञ स्त्रीने बुडापेस्ट येथील मुलांचा अभ्यास करून १९४८ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाच वर्षांखालील मुलांना मृत्यू म्हणजे एक प्रकारचा प्रवास वाटतो. गेलेले माणूस दुसरीकडे कोठेतरी राहत आहे, असे ती समजतात. नऊ-दहाव्या वर्षापर्यंत मृत्यू अटळ आहे हे त्यांना उमगू लागते. म्हणजे "गावाला गेली" असे आपण म्हणतो, तेव्हा लहान मूल ते शब्दशः घेते आणि वाट पाहू लागते; आणि थोडे मोठे मूल, मोठी माणसे आपल्याशी खरे बोलत नाहीत, एवढेच शिकते. आपल्या श्रद्धेची भाषासुद्धा येथे जपून वापरावी. "आजी देवाघरी गेली" हे सत्यच आहे. पण ती मेली, आता ती येथे परत येणार नाही, पुनरुत्थानाच्या आशेने आपण तिला निरोप दिला आहे, एवढे सारे त्या दोन शब्दांमागे मुलाला उलगडून सांगितले पाहिजे.

श्रद्धेच्या नावाने दुःख दडपण्याचा मोह थोरामोठ्यांनाही सुटलेला नाही. ३८७ साली ओस्तिया येथे संत मोनिका मरण पावल्या, तेव्हा त्यांचा नातू अदेओदातुस जवळच होता. पंधरा-सोळा वर्षांचा तो मुलगा आजीने प्राण सोडताच मोठ्याने रडू लागला आणि भोवतालच्या सर्वांनी त्याला गप्प केले. इतक्या पवित्र मरणाला आक्रोश शोभत नाही, असे त्यांना वाटले. त्याचे वडील म्हणजे संत ऑगस्टीन. त्यांनी स्वतःचेही अश्रू रोखून धरले, स्नान करून पाहिले, पण मन हलके झाले नाही. पुढे एकांतात देवासमोर ते आईसाठी रडले आणि 'कबुलीजबाब' या ग्रंथात त्यांनी हे सारे मोकळेपणाने नोंदविले. लाजरच्या कबरीशी प्रभू येशू रडला. आपण त्याला उठविणार आहोत हे ठाऊक असूनही रडला. तेव्हा पुनरुत्थानावरील श्रद्धा अश्रूंना मनाई करीत नाही. तसे असते तर प्रभूनेच ती मनाई पाळली असती.

न बोललेले दुःख घरातून जातही नाही. ते वेश पालटते आणि बहुधा सर्वांत लहानाच्याच वाट्याला येते. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आपल्यापैकी अनेकांनी वाचली आहेत. त्यांच्या आजोबांना १८५७च्या धामधुमीत फाशी झाली. त्या आघाताने लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे मन दुखावले आणि पुढे त्यांना सोवळ्याचे वेडच लागले. त्या वेडाचा जाच सोसला तो घरातल्या बायकामुलांनी. ज्या आजोबांना त्या मुलीने पाहिलेही नव्हते, त्यांच्या मरणाची सावली अशी तिच्या बालपणावर पडली होती. लक्ष्मीबाईंनी ते विनोदाच्या अंगाने लिहिले, हा त्यांच्या मनाचा मोठेपणा. परंतु दडपलेल्या दुःखाची किंमत तिसऱ्या पिढीकडून वसूल होते, हे सत्य त्या हसण्याआडूनही दिसते.

आता दुसरा आक्षेप. मुलांनी आजी-आजोबांची सेवा करू नये काय? आईबापांचा मान राखण्याची आज्ञा आजोबांपाशी येऊन थांबते काय? मुळीच नाही. पाणी आणून द्यावे, चष्मा शोधून द्यावा, वाचून दाखवावे, जपमाळेला शेजारी बसावे. ही सेवा मुलाला घडविते. सेवेला आरंभ असतो तसा शेवटही असतो. पाणी दिले की मूल खेळायला मोकळे होते. दुसऱ्याच्या सुखाची राखण करणे हे मात्र कधी न संपणारे काम आहे. पहिल्यात मूल वाढते, दुसऱ्यात ते अकाली म्हातारे होते.

आणि गेलेल्याची जागा भरून काढणे हे तर मुलाचे कामच नव्हे. आपल्या या भागाचा इतिहास येथे आठवतो. १६६० साली शायिस्तेखानाने चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला आणि फिरंगोजी नरसाळ्यांनी तो भुईकोट पन्नासहून अधिक दिवस झुंजवला. त्या वर्षी शिवाजीमहाराजांचे पुत्र संभाजीराजे तीन वर्षांचे होते. आदल्याच वर्षी त्यांच्या मातोश्री सईबाई राजगडावर वारल्या होत्या आणि आजी जिजाबाई त्यांचा सांभाळ करीत होत्या. जिजाबाईंच्या वाट्याला थोडे का दुःख आले होते? १६२९ साली त्यांचे वडील लखुजी जाधव आणि भाऊ देवगिरीवर मारले गेले. त्यांचा थोरला मुलगा संभाजी कनकगिरीच्या लढाईत पडला होता आणि नातवाचे नाव तेच होते. १६६४ साली शहाजीराजेही गेले. आजीच्या मनात काय चालले असेल, ते आपण आपल्या पदरचे सांगू नये. दिसते ते एवढेच की, गेलेल्या मुलाचे नाव लाभलेला हा नातू तिने पदराआड दडवून ठेवला नाही. पुरंदरच्या तहानंतर, आठव्या वर्षी तो मोगलांच्या छावणीत गेला. नवव्या वर्षी, १६६६ साली, पित्याबरोबर आग्ऱ्याला गेला. आपल्या अनेक घराण्यांतही आजोबांचे किंवा दिवंगत काकांचे नाव नातवाला ठेवतात. नाव ठेवावे, त्यात स्मरण आहे. पण नाव दिले म्हणजे गेलेल्याची जागा दिली, असे कोणी समजू नये. प्रत्येक बालकाला परमेश्वर त्याच्या स्वतःसाठी निर्माण करतो, कोणाच्या बदली म्हणून नव्हे.

मग आजोबांच्या दुःखाचे ओझे उचलावे कोणी? याचे उत्तर रूथच्या लहानशा पुस्तकात आहे. नामी पती आणि दोन्ही पुत्र गमावून मवाबाहून बेथलेहेमला परतली. गावातल्या बाया भोवती जमल्या, तेव्हा मला आता नामी म्हणू नका, मारा म्हणा, देवाने माझे आयुष्य कडू केले, असे ती उघडपणे म्हणाली. हे कडूपण तिने मोठ्या माणसांपुढे ओतले आणि त्या बायांनी ते ऐकून घेतले. पुढे रूथला ओबेद झाला. नामीने त्या बाळाला उराशी धरले आणि त्याच शेजारणींनी त्याचे नाव ठेवले. क्रम लक्षात घ्यावा. आधी गावाने दुःख ऐकले, नंतर मांडीवर मूल आले. रिकाम्या झालेल्या मांडीला बाळाने ऊब दिली. तिचे रडणे ऐकण्याचे काम मात्र त्याच्यावर पडले नाही, कारण ते गावाने आधीच केले होते.

महाळुंग्याच्या सदनिकेत नामीच्या त्या शेजारणी नाहीत. त्या व्हायचे काम धर्मग्रामाचे आहे. दफनाला दोनशे माणसे येतात, महिन्याच्या मिस्साला पन्नास, आणि तिसऱ्या महिन्यात दारावरची घंटा कोणी वाजवीत नाही. शोक मात्र तिसऱ्या महिन्यातच खरा अंगावर येतो. आठवड्यातून एकदा एखाद्या समवयस्काने येऊन तासभर बसावे, "वहिनी कशा होत्या?" असे विचारावे आणि सांगितलेली गोष्ट पुन्हा सांगितली तरी ऐकावी. मुलाने आणि सुनेने रात्री जेवताना आजीचे नाव मोकळेपणाने घ्यावे. वर्षातून एकदा, निदान २ नोव्हेंबरच्या सुमारास, आजोबांना आणि नातवाला बरोबर घेऊन गावी कबरीवर जावे. मेणबत्ती मुलाच्या हाताने लावावी. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली आजी-आजोबा व वृद्धांचा जागतिक दिन सुरू केला, तो संत ज्योकिम व संत ॲना यांच्या २६ जुलैच्या सणाजवळ, जुलैच्या चौथ्या रविवारी येतो. त्या दिवशी फुले देऊन फोटो काढणे पुरेसे नाही. नुकताच विधुर किंवा विधवा झालेला आपल्या धर्मग्रामातला कोण, याची यादी त्या दिवशी व्हावी.

वर सांगितलेल्या मुलाच्या घरी पुढे एवढेच घडले. दोन ज्येष्ठ गृहस्थ आजोबांकडे नेमाने जाऊ लागले. एके दिवशी आजोबा आपणहून नातवाला म्हणाले, "तू खेळायला जा रे. मी वेळेवर जेवीन. आजीची आठवण आली तर मी रडीन, पण ते तुझ्यामुळे नव्हे आणि तुला थांबवायचेही नाही." मूल त्या दिवशी लगेच गेले नाही. चार दिवसांनी गेले.

वृद्ध माणसाने शोकात असताना मुलाला देण्यासारखे याहून मोठे काही नाही. माझे दुःख माझे आहे, ते खरे आहे, ते देवासमोर आहे आणि तू मोकळा आहेस. हे ज्या मुलाला बालपणीच ऐकायला मिळते, ते पुढे स्वतःच्या दुःखाला भीत नाही आणि दुसऱ्याच्या दुःखापासून पळत नाही. आजोबा गेल्यावर ते त्यांच्यासाठी रडेल, आणि आपण कमी पडलो असे त्याला वाटणार नाही.